पंधरा हजारांत गाडीतली वीज

गाडीतच झोपायचं आणि बाहेर स्टोव्ह मांडून रांधायचं, असा प्रवास म्हटला की तुम्ही म्हणाल, हे पैसेवाल्यांचे चोचले! पण आमची साधी जुनी ओम्नी आहे. मागच्या बाकांवर फळ्या टाकल्या, वर गादी घातली की झालं घर.

मागच्या दिवाळीत कराडहून कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणमार्गे वेळणेश्वरला गेलो. ओळखीच्यांच्या वाडीत माडांखाली गाडी लावली. सासूबाई, लेक नि मी गाडीत, हे ओटीवर. उकाडा फार, म्हणून गाडीच्याच बॅटरीवर रात्रभर पंखा नि दिवा चालवला. पहाटे चारला सासूबाईंना दम लागला. नेब्युलायझर बरोबर होतं, पण गावातली वीज गेलेली आणि गाडीची बॅटरी पार झोपलेली! तोंडात मारायच्या पंपावर कसंबसं निभावलं. उजाडल्यावर वाडीतल्या मुलांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. परतताना घाटात कुणी कुणाशी बोललं नाही.

घरी आल्यावर वही घेऊन बसले. गाडी चालू करणारी बॅटरी क्षणभर जोर लावण्यासाठी असते. तिला रात्रभर राबवायचं नाही. घरच्या कामाला दुसरीच हवी. मग दुधाच्या हिशोबासारखा विजेचा हिशोब मांडला. बारा व्होल्टचा 15 वॅटचा पंखा आठ तास, म्हणजे 120. दोन दिवे 40, मोबाइल 30, नेब्युलायझर दोन वेळा मिळून सुमारे 90. एकूण 280 वॅट-तास. आम्ही घेतली 65 अँपिअर-तासांची बंद बॅटरी, पाणी घालायची भानगड नसलेली. बारानं गुणलं की 780. पण शिशाच्या बॅटरीतलं निम्मंच वापरावं, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे 390. पुरे झालं! लिथियमची जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण ती आमच्या खिशाला झेपेना.

खर्च सांगते: बॅटरी 6,500, शंभर वॅटचा सोलर पॅनेल 3,800, चार्ज कंट्रोलर 700, साइन वेव्हचा छोटा इन्व्हर्टर 3,200, वायर-फ्यूज 800. बरोबर 15,000, माझ्या अर्धवेळ शिकवणीचे साठवलेले. जोडणी मात्र जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतली. बॅटरीच्या अधिक टोकाला अगदी खेटून 30 अँपिअरचा फ्यूज आहे. वायर घासून शॉर्ट झाली तर तो आधी उडतो, गादी पेटत नाही. यात काटकसर करू नका बरं! आणि चहाच्या विजेच्या किटलीचा मोह नको. 1500 वॅटची किटली बारा व्होल्टवर सव्वाशे अँपिअर ओढते. आपला स्टोव्ह बरा.

पॅनेल टपावर ठोकलेला नाही. गाडीला सावली हवी, त्याला ऊन! म्हणून लांब वायर लावून तो अंगणात दक्षिणेकडे तोंड करून टेकवतो. माडाच्या एका झावळीची सावली पडली तरी वीज धाडकन उतरते.

जानेवारीत पुन्हा त्याच वाडीत गेलो. दुपारी बघते तर चार्जिंग पडलेलं. लेकीनं पॅनेलवर ओला टॉवेल वाळत घातलेला! रात्री दहाला सासूबाईंनी पंधरा मिनिटं नेब्युलायझर घेतलं. मी श्वास रोखून कंट्रोलरचा आकडा बघत होते. तो फारसा हललासुद्धा नाही. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, "अगं, तो पंखा बंद कर, गारठले मी."