तळघरातला दुसरा पंप

पुण्यात पंप म्हणजे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा, एवढंच मला माहीत होतं. न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमध्ये कोपऱ्यात एक झाकण होतं. त्याखाली काय आहे, हे मी घर घेताना विचारलंही नव्हतं. १ सप्टेंबर २०२१ ला 'आयडा' वादळाचा उरलेला पाऊस इथे कोसळला. नेवार्कमध्ये एका दिवसात आठ इंचांहून जास्त. ओळखीच्या कितीतरी जणांची तळघरं भरली. आम्ही वाचलो. शेजारच्या काकांनी विचारलं, "वीज गेली असती तर तुझा पंप कशावर चालला असता?" मला उत्तर देता येईना.

झाकण उघडलं. आत प्लॅस्टिकचं पिंप पुरलेलं, त्यात पंप. घराच्या पायाभोवती झिरपणारं पाणी पाइपांतून त्यात येतं; हाच 'सम्प', म्हणजे साठवण-खड्डा. बादलीभर पाणी ओतल्यावर फ्लोट, म्हणजे पंप चालू करणारा तरंगता स्विच, वर आला, पंप घुमला, आणि थांबताना पाइपात 'ठक्' असा आवाज झाला. काही तुटलं असं वाटून मी चार पावलं मागे सरकलो. तो चेक व्हॉल्व्ह होता: वर चढलेलं पाणी खाली येऊ नये म्हणून आपोआप मिटणारी झडप.

वादळात पाणी येतं आणि नेमकी तेव्हाच वीज जाते, म्हणून दुसरा पंप. नळाच्या पाण्याच्या दाबावर चालणारे पंपही असतात, त्यांना वीज लागतच नाही. पण घराला विहिरीचं पाणी असेल तर ते कामाचे नाहीत, कारण विहिरीचा पंपच विजेवर. मी बॅटरीचा निवडला आणि दुकानात गाडीची बॅटरी मागितली. विक्रेत्याने शांतपणे समजावलं: गाडीच्या बॅटरीने सुरुवातीला एक जोराचा झटका द्यायचा असतो, इथे तासन् तास वीज पुरवणारी 'डीप सायकल' बॅटरी हवी.

प्लंबरने दुसऱ्या पंपाचा फ्लोट पहिल्यापेक्षा उंचावर बसवला. पहिला बंद पडला किंवा त्याला पाणी आवरेना, तरच दुसरा जागा होतो. मी मुख्य पंपाचा प्लग काढून पाणी ओतत राहिलो. दुसऱ्या पंपाचा अलार्म असा किंचाळला की लेक जिन्यावरून धावत आली, "बाबा, काय झालं?" खरं तर सगळं नीट झालं होतं.

मग पाणी जातं कुठे, ते पाहायला बाहेर गेलो. पाइपाचं तोंड भिंतीला लागूनच होतं. पाणी मातीत मुरून पुन्हा त्याच खड्ड्याकडे निघालं होतं. लगेच पाइप लांबवला, अंगणाच्या उतारापर्यंत.