कूपरेजवरची पंधरा मिनिटे

विरार-चर्चगेट लोकल, मग कूपरेज मैदान आणि सोबत शेजारचे अंकल. महिंद्रा युनायटेडची मॅच म्हणजे आमच्यासाठी सणच. २००५-०६ मध्ये आमच्या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा अंकलनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

पण एक मॅच वेगळ्याच कारणाने आठवते. अंकलना दरदरून घाम फुटला, जबडा दुखू लागला. "ॲसिडिटी आहे रे डॉक्टर, मॅच संपू दे." एमडी असूनही मी पंधरा मिनिटे त्यांचे ऐकले. तो हार्ट अटॅक होता. अँजिओप्लास्टी होऊन अंकल वाचले. ती पंधरा मिनिटे मला आजही बोचतात.

२००६ च्या विश्वचषकात जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या केसेस २.६६ पट झाल्याचे संशोधकांना आढळले. उत्तेजनेने ॲड्रेनलिन वाढते, नाडी आणि बीपी चढतात. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना तो ताण झेपत नाही.

म्हणून मित्रांनो, मॅच जरूर बघा, पण बीपीची गोळी चुकवू नका. छाती, जबडा किंवा डावा हात दुखला, घाम फुटला, तर शेवटच्या शिट्टीची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.

महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. अंकल अजून मॅच बघतात, गोळ्यांची डबी खिशात ठेवून.