दादा, सायकल इकडेच आण

छत्रपती संभाजीनगर,
कोजागरीनंतरचा रविवार

प्रिय दादा,


तुझं पत्र मिळालं. डिसेंबरात येताना ग्रॅव्हल सायकल बरोबर आणणार हे वाचून फार आनंद झाला. पुढचं वाक्य मात्र लागलं. सायकल थेट पुण्याला उतरवणार आणि सह्याद्रीत चालवणार, कारण ‘आपल्याकडे काय, नुसता माळ’. मराठवाड्याबद्दल बाहेरचे लोक असं बोलतात तेव्हा मी सोडून देते. तू या मातीत वाढलास. तुझ्या तोंडून ते सोसवत नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहायला बसले आहे.

तुझ्या कॅन्ससचंच घे. तिथे डोंगर औषधालाही नाही. तरी एम्पोरियासारख्या लहान गावी जगभरचे सायकलवाले येतात आणि कच्च्या रस्त्यांवर ३२० किलोमीटर दामटतात. २००६ पासून ती शर्यत भरते आहे. फ्लिंट हिल्सच्या जमिनीत चकमकीचा दगड असल्यामुळे नांगर चालला नाही, म्हणून तिथलं उंच गवत वाचलं, हे मला तूच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतंस. आपल्या अजिंठ्याच्या रांगेचीही हकीकत तीच आहे. जिथे दगड वर आहे तिथे औत चाललं नाही आणि जंगल टिकलं. तिथली उजाड जमीन तुला सुंदर दिसते, मग इथली का दिसू नये?

आपला डोंगर म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. तो काळा दगड उन्हापावसाने झिजून सुटतो, त्याचा मुरूम होतो. त्यातलं बारीक ते पाण्याबरोबर सखल भागात जाऊन बसतं, ती काळी माती. त्यामुळे इथे फिरणाऱ्याने नकाशाच्या आधी जमिनीचा रंग वाचायला शिकावं. तांबूस, करडं दिसलं की मुरूम. पाऊस उघडला की ही वाट लवकर सुकते, चाकाखाली करकर वाजते आणि उतारावर पुढचा ब्रेक जपून वापरला तर दगा देत नाही. काळं दिसलं आणि ओल असली की सरळ मागे फिरायचं. ओली काळी माती टायर आणि फ्रेम यांच्यामधली फट बुजवून टाकते, चाक फिरेनासं होतं आणि सायकल उचलून न्यावी तर तिचं वजन हाताला पेलत नाही. शिवाय ओल्या वाटेत आपण पाडलेल्या चाऱ्या वाळून टणक होतात आणि पुढे महिनाभर बैलगाडीवाल्याला छळतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती वाट आपल्या हौसेसाठी केलेली नाही. कुणाचा तरी कापूस, कुणाचं आलं, कुणाचं दूध त्यावरून गावात येतं.

सगळ्यात वाईट रस्ता मात्र मातीचा नसतो. डांबर टाकायचं म्हणून खडी पसरली आणि काम तिथेच थांबलं, अशा रस्त्यावर सुटी खडी चाकाखालून निसटत राहते. तसा दिसला की बाजूच्या पांदणीला लागायचं.

आता वाट सांगते. पहिला दिवस जवळचा ठेवू. पहाटे निघून दौलताबादच्या अंगाने जायचं आणि मोठा रस्ता लवकर सोडायचा. किल्ल्याभोवती सीताफळाच्या, पेरूच्या बागा आहेत. सीताफळं तू येईपर्यंत संपत आलेली असतील, पेरू मिळतील. माळीवाड्याजवळ समृद्धी महामार्ग आडवा येतो. त्याच्यावर सायकल काय, मोटारसायकललाही बंदी आहे, पण त्याच्या पोटाखालून शेतकऱ्यांच्या वाटा जातात, त्या आपल्या. तिथून खुलताबादचा चढ, भद्रा मारुतीचं दर्शन आणि मग म्हैसमाळ. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे, म्हैसमाळ ९०० च्या वर. गिरिजादेवीच्या देवळापर्यंत डांबरी रस्ता आहे. पठारावर मात्र गवतातून मुरमाच्या वाटा फुटतात. डिसेंबरात ते गवत पिवळंधमक झालेलं असतं आणि कड्यावर वारा इतका असतो की हँडल घट्ट धरावं लागतं. उतरून वेरूळ. कैलास लेणं आपण शाळेच्या सहलीत धावतपळत पाहिलं. या वेळी बसून पाहू.

पण माझा जीव खरा कन्नडच्या पुढे आहे.

वेरूळ सोडलं की मका, कापूस, आलं, मधूनच ऊस अशी शेतं लागतात आणि जमीन हळूहळू चढत जाते. चढ इतका बेताचा आहे की गिअर बदलला तरच कळतो. कन्नडनंतर गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ साली ते जाहीर झालं, क्षेत्र साधारण २६० चौरस किलोमीटर, बराच मोठा भाग आपल्या जिल्ह्यात, उरलेला जळगावात. साग, सलई, खैर, धावडा, पळस. पानं गळू लागलेली असतात, त्यामुळे आतपर्यंत नजर जाते. झाडाच्या फांद्यांची ठेवण, वाळक्या नाल्यातले दगड, दूरवर चरणारी नीलगाय, हे सगळं भर पावसाळ्यातल्या हिरव्या गर्दीत दिसत नाही. माझ्या मते आपलं जंगल पाहायचा खरा हंगाम हाच.

आणि मग अचानक जमीन संपते. ही रांग दक्षिणेकडून सौम्य आहे आणि उत्तरेला एकदम तुटते. कड्यावर उभं राहिलं की खाली सगळा खानदेश पसरलेला. आपण ज्या उतारावरून आलो त्याचं पाणी शिवना आणि पूर्णेतून गोदावरीला मिळतं, म्हणजे बंगालच्या उपसागरात जातं. समोर पडलेलं पाणी गिरणा-तापीतून अरबी समुद्राला जातं. दिवसभर पाय मारून आपण देशाच्या पाणलोटाच्या धारेवर येऊन पोचतो.

याच काठावर पितळखोरं आहे. सायकली वर ठेवून पायऱ्यांनी दरीत उतरायचं. ही लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकापासूनची, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या जोडीची. पैठणच्या एका सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या घराण्याने इथे दान दिल्याचा लेख आहे. इथे सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव कोरलेलं आहे. पैठणचा व्यापारी इतक्या आडरानात का दान देईल? कारण हे आडरान नव्हतंच. त्याचा माल याच घाटांनी खाली उतरत होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक लेखकाने ‘पेरिप्लस’मध्ये नोंदवलं आहे की पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथला माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून बंदरावर येतो. दादा, कच्च्या वाटेवरून चाकं चालवायची आपल्याकडची रीत दोन हजार वर्षांची आहे. तुला याहून जुना ग्रॅव्हल रूट जगात कुठे मिळणार?

अंतूर किल्ल्याच्या वाटेवर आणखी एक गोष्ट दाखवायची आहे. निजामशाहीच्या काळातला दगडी खांब, त्यावर फारसीत दिशा कोरल्या आहेत: एकीकडे अंतूर, एकीकडे नागापूर, एकीकडे दौलताबाद, एकीकडे चाळीसगाव. तिथे उभी राहिले की मोबाइलमधला नकाशा बंद करावासा वाटतो. चारही नावं अजून तीच आहेत आणि चारही दिशांना अजून माणसं जातात-येतात.

अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी काढायची, सांगितलेल्या वाटेवरच राहायचं, दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. बिबट्या आहे, अस्वल आहे. मार्च २०२१ मध्ये इथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ टिपला गेला. तो यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून आला होता. मधला सगळा मुलूख शेतांचा, गावांचा, रस्त्यांचा. ओढे, झुडपी रानं आणि पांदणी धरूनच तो आला असणार. त्या बातमीनंतर या वाटांकडे बघायची माझी नजर बदलली.

एका प्रश्नावर मात्र मला तुझ्याशी बोलायचं आहे, कारण त्यावर आपलं जुळणार नाही असं वाटतं. इटलीत टस्कनीच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर डांबर पडू नये म्हणून १९९७ साली ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली आणि ते रस्ते वाचले, हे तू मागे मोठ्या उत्साहाने लिहिलं होतंस. इथेही तसं करावं, असं तुझ्या मनात असेल. मला ते तसंच्या तसं पटत नाही. पावसाळ्यात बाळंतिणीला चिखलातून बाजेवर न्यावं लागतं, दूध नासतं, मुलांची शाळा बुडते. शेतरस्त्यांसाठी सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी पाणंद रस्ते योजना काढली, त्या रस्त्यासाठी लोक एकमेकांशी भांडतात, मोजणी आणतात, बांध सरकवतात. त्यांना पक्का रस्ता मिळालाच पाहिजे, आपल्या सायकलची मजा गेली तरी. जंगलातल्या वाटांचं तसं नाही. तिथे डांबर पडलं की वेग येतो, रात्रीच्या गाड्या येतात आणि साळिंदरं, ससे, कोल्हे रस्त्यावर मरून पडतात. तिथला मुरूम मुरूमच राहावा, आणि त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं तर मी भांडेन. तू येऊन दोन्ही पाहा, मग वाद घालू.

गावात बायका मला थांबवून विचारतात, एकटी कुठं निघालीस, घरी सांगून आलीस का, जेवलीस का. आधी पाणी येतं, मग चहा, आणि ज्वारी निघाली असेल तर भाकरी. तू बरोबर असलास की त्या तुझ्याशी बोलतील, पण भाकरी मलाच वाढतील, हे लक्षात ठेव.

कामाचं तेवढं लिहिते. ४० चे टायर पुरतील असं तू म्हणतोस. ४५ चे आण, ट्यूबलेस, आणि सीलंटची जादा बाटली घे. तुझ्या कॅन्ससमध्ये दगडाच्या कपच्या टायर कापतात, इथे बाभळीचा काटा आणि सराटा आहे. शेतकरी कुंपणाला काटक्या ओढून नेतात, त्यातले काटे सगळ्या पांदणीभर सांडलेले असतात. दिवा आण, डिसेंबरात पहाट उशिरा होते. जाड कपडे नकोत, वाऱ्याला अडवणारं एक पातळ जाकीट पुरे. कन्नडला मुक्कामाचं मी बघते. आईला चार दिवस आपण दोघंही घरी नसणार हे अजून सांगितलेलं नाही, ते तू फोनवर सांग. तुझं ती ऐकते. परवानगीचा अर्ज द्यायचा आहे, तेव्हा नक्की तारखा या आठवड्यात कळव.

तुझी,
धाकटी