सिग्नलला गाडी थांबवताना

मणक्याच्या ऑपरेशननंतर आईला फिजिओथेरपीला नेण्याचं काम माझ्याकडे होतं. कोथरूडहून नळ स्टॉपमार्गे जायचं, म्हणजे वाटेत सिग्नलच सिग्नल. खड्डा दिसला की ती आधीच दांडी घट्ट धरायची, त्यामुळे खड्ड्यांचा तिला तेवढा त्रास होत नसे. पण थांबताना बसणारा धक्का नकळत यायचा आणि ती कळवळायची. तेव्हापासून मी ब्रेककडे नीट लक्ष देऊ लागलो.

खरा हिसका बसतो तो अगदी शेवटी. ब्रेक दाबलेला असताना अंग पुढे झुकलेलं असतं. चाकं थांबताच तो जोर एकदम नाहीसा होतो आणि माणूस मागे आपटतो. म्हणून ब्रेकचा जास्त जोर आधी लावायचा. वेग 40 वरून 20 वर आला की गाडीची तीन चतुर्थांश गतिज ऊर्जा संपलेली असते. उरलेल्यासाठी हलका पाय पुरतो. गाडी थांबायच्या बेतात असताना पेडल किंचित सैल सोडायचं आणि थांबली की पुन्हा दाबून धरायचं. हे जमलं, त्या दिवशी आईला गाडी थांबल्याचं कळलंच नाही. मला विलक्षण आनंद झाला!

यासाठी पुढे मोकळी जागा लागते, आणि पुण्यात ती सोडली की दुचाकी घुसतेच. घुसू द्यावी. पुन्हा थोडं मागे राहावं. तांबडा दिवा दिसतोय तर तिकडे धावत जाऊन मिळणार काय? मी लांबूनच ॲक्सिलरेटर सोडतो, क्लच मात्र लगेच दाबत नाही. इंजिनच गाडीला ओढून धरतं. कित्येकदा पोहोचेपर्यंत हिरवा लागतो आणि थांबावंच लागत नाही.

थांबल्यावर न्यूट्रल. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं मला पटत नाही, त्यात क्लचप्लेट झिजते. सिग्नलवरचे उलट मोजणारे आकडे संपत आले की पहिला गिअर टाकायचा. क्लच सोडताना गाडी जिथे ओढ घेते, तिथे पाय क्षणभर थबकवायचा आणि मग हळूच ॲक्सिलरेटर द्यायचा.

चढावर मी हँडब्रेक लावतो आणि इंजिनाची ओढ जाणवल्यावरच तो सोडतो. याला एखाददुसरा सेकंद जास्त लागतो. तेव्हा चढावर माझ्यासारख्या कुणाच्या मागे उभे असाल, तर थोडी जागा सोडा आणि हिरवा लागताक्षणी हॉर्न वाजवू नका.