नादार

हैदराबादला मुसी नदीच्या काठी हायकोर्टाची लाल दगडी इमारत १९२० पासून उभी आहे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे नांदेड-परभणीकडचा माणूस जमिनीच्या भांडणाचं अपील घेऊन इथवर यायचा. भांडायला आधी कोर्ट फी भरावी लागते. ती भरण्याचीही ऐपत नसलेल्याला इंग्रजी कायदा ‘पॉपर’ म्हणे. शब्द लॅटिन, ज्याच्या हाती थोडंच पिकतं तो, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. कोरडवाहू शेतकऱ्याला याहून नेमकं काय लागू पडेल! उर्दूत त्यालाच मुफलिस म्हणतात : चांदी गेली, तांब्याचा पैसा तेवढा उरला, असा माणूस. आपण फारसीतून ‘नादार’ घेतला, जवळ काही नसलेला. फी माफ झालेल्या मुलांमुळे शाळेत हा शब्द रुळला. मला तोच जवळचा वाटतो. तो माणसाला कमी लेखत नाही, नाही ते नाही म्हणतो.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत पॉपरची व्याख्या होती. फीपुरती ऐपत नसलेला. आणि फी ठरलेली नसेल, तर अंगावरचे गरजेचे कपडे आणि दाव्यातली मालमत्ता सोडून शंभर रुपयांचीही मत्ता नसलेला. १९७६ मध्ये पॉपर हा शब्द काढून ‘इंडिजंट’ घातला, शंभराचे हजार केले. जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूही आता मोजत नाहीत. ती यादी वाचताना मी थबकतो : कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं बियाणं आणि धर्मरीतीनं बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना. मंगळसूत्राला हात लावायचा नाही, हे कायद्यानं जाणलं. शब्द मात्र एका लॅटिनातून दुसऱ्या लॅटिनात गेला. अर्जदाराला आजही आपल्या चीजवस्तूंची किमतीसह यादी जोडावी लागते आणि सहसा अर्ज स्वतः हजर राहून द्यावा लागतो. आपल्याकडे काही नाही हे चारचौघांत सिद्ध करायचं, याच्याइतकं जड काम गरिबाला दुसरं नसेल.

म्हणून एक सांगतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं वकील आणि कोर्ट फी दोन्हींचा खर्च सरकार उचलतं, आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. तुमच्या घरी धुणंभांडी करणाऱ्या ताईंचा एखादा दावा अडला असेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीपर्यंत त्यांच्यासोबत जा.