आम्ही, आपण आणि मी

पीएलमध्ये कोण काय करेल सांगता येत नाही. आमच्या विंगमध्ये एकीने स्वेटर विणायला घेतला, दुसरी रोज नव्याने कपाट आवरत होती. मी एक इंग्रजी कादंबरी वाचली. चारशेहून जास्त पानांची. आणि गंमत म्हणजे ती मला मराठीत समजली. हे वाक्य विचित्र आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कादंबरीचं नाव 'द गॉब्लिन एम्परर'. २०१४ साली आली. लेखिका कॅथरीन ॲडिसन. हे टोपणनाव, खरं नाव सारा मोनेट. २०१५ साली या कादंबरीला फँटसी विभागातला लोकस पुरस्कार मिळाला. फँटसी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली ती प्रचंड युद्धं येतात. इथे तसलं युद्ध नाही. मीटिंगा आहेत! दरबार, अर्ज, निरोप, जेवणावळी आणि कोणी कोणाला कसं संबोधायचं याचे हजार नियम.

नायकाचं नाव माया. उच्चार अगदी असाच, पण मुलगा आहे, वय वर्षं अठरा. बाप एल्फ लोकांचा सम्राट, आई गॉब्लिन राजकन्या. एल्फ गोरे, गॉब्लिन काळे आणि हा मधलाच, राखाडी. बापाला ही राणी नकोशी, तिचा मुलगाही नकोसा. (आपल्याकडच्या 'गोरी, सडपातळ' वाल्या जाहिराती आठवल्या ना?) मुलगा आठ वर्षांचा असताना आई वारली आणि त्याला सेथेरिस नावाच्या एका नातलगाच्या हवाली करून दूर आडगावी टाकलं. हा सेथेरिस त्याला मारायचा. एका जखमेचा व्रण हातावर अजून आहे. मग एका पहाटे खबर येते की सम्राट आणि तिन्ही मोठे राजपुत्र विमानाच्या अपघातात गेले. विमान म्हणजे मोठ्या फुग्याचं, एअरशिप. उरला कोण? हा. ज्याला दरबारात कसं उभं राहायचं तेही कोणी शिकवलेलं नाही, तो आता सम्राट, एड्रेहासिवार सातवा.

पुढे कळतं की तो अपघात नव्हता, घातपात होता. तपास, कट वगैरे सगळं आहे, ते फोडत नाही. जादूही आहे, पण मोजकी. मृताच्या देहाला स्पर्श करून त्याचे शेवटचे विचार जाणणारा एक माणूस आहे. मला मात्र पकडून ठेवलं ते सर्वनामांनी.

त्या दरबारात औपचारिक बोलताना कोणीही स्वतःला 'आय' म्हणत नाही, 'वी' म्हणतात. समोरच्याला 'यू'. आणि अगदी जवळच्या माणसाशी बोलताना 'दाऊ'. इंग्रजीत 'दाऊ' कधीच हद्दपार झालाय, त्यामुळे इंग्रज वाचकाला समजावं म्हणून मागे परिशिष्टात हे सगळं लिहून दिलंय. मला परिशिष्टाची गरजच पडली नाही. 'वी' वाचलं की कानात गॅदरिंगच्या ऐतिहासिक नाटकातलं 'आम्ही' वाजायचं. 'यू' म्हणजे आपण किंवा तुम्ही. 'दाऊ' म्हणजे तू. संपलं!

आता माझं सांगते. मी नाशिकच्या कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोललं की एक रुपया दंड होता. मिस, सिस्टर, शिपाई, शेजारची मैत्रीण, सगळ्यांना एकच 'यू'. हॉस्टेलवर आले तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणाशी काय बोलावं हेच कळेना. सीनियरला ताई म्हणायचं, पण ताईला तू की तुम्ही? मेसच्या मावशींना 'अहो मावशी' की 'ए मावशी'? रेक्टर मॅडमना आपण. माझी गडहिंग्लजची रूममेट मुलगी असून 'मी जातो, मी आलो' म्हणते. बॉइज हॉस्टेलवाले तर स्वतःलाच 'आपण' म्हणतात: आपण नाय घाबरत कोणाला! म्हणजे एकच 'आपण', कधी आदराने तुम्ही, कधी आपण सगळे, आणि कधी नुसता एकटा मी. एवढं सगळं इंग्रजी 'यू'मध्ये कुठून बसणार?

म्हणून मायाचं दुःख मला चटकन कळलं. सम्राट झाल्यावर त्याला 'मी' म्हणायची सोयच राहत नाही. चोवीस तास 'आम्ही'. आम्हाला भूक लागली आहे, आम्हाला भीती वाटते. आई गेली तेव्हापासून त्याला मायेने 'तू' म्हणणारं कोणी नाही. स्वतःशी बोलताना तोच स्वतःला 'तू' म्हणतो. रूममेट झोपल्यावर गॅलरीत उभं राहून आपण बोलतो ना मनातल्या मनात, 'तू गप बस, रडू नकोस', अगदी तसं.

त्याला अंगरक्षक मिळतात जोडीने, एक जादूगार आणि एक शिपाई. कालाही असतो आणि बेशेलारही (आपल्या शेलारांपैकी नव्हे). हे दोघे पहारा असेल तेव्हा सतत सोबत, अगदी तो झोपला तरी खोलीत. साहजिकच त्याला वाटतं, हे आपले मित्र. काला खूप हळुवारपणे सांगतो की आम्ही आपले मित्र होऊ शकत नाही. त्यात अपमान नाही, फक्त नियम आहे. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि मेसला गेले. जेवण गेलं नाही, त्याला फक्त त्या दिवशीची दुधीची भाजी जबाबदार नव्हती. पुढे या नियमाचं काय होतं ते वाचा.

सेथेरिसचं प्रकरणही मला आवडलं. आता सगळी सत्ता हातात. मारणारा माणूस समोर उभा. हिंदी सिनेमा असता तर इंटरव्हलनंतर चाबूकच निघाला असता. माया सूड घेत नाही, आणि गळ्यातही पडत नाही. त्याच्या पोटापाण्याची सोय करतो आणि तो पुन्हा नजरेसमोर येणार नाही असं बघतो. मला हे क्षमेपेक्षा खरं वाटलं.

अपघातात गेलेल्या राजघराण्याचे अंत्यविधी थाटात होतात. विमानावरच्या नोकरचाकरांचे आणि कर्मचाऱ्यांचे एका साध्या देवळात. माया तिथेही जातो. न बोलावता. तिथली माणसं आधी घाबरतात. कटकारस्थानांच्या अख्ख्या पुस्तकात मला हा प्रसंग सगळ्यात राजकीय वाटला, का ते नीट सांगता येत नाही.

आता आपल्या कामाचं! या साम्राज्यात एक प्रचंड नदी आहे, जिच्यावर कधीच पूल झालेला नाही. घड्याळजींचा संघ वाफेवर चालणाऱ्या पुलाची योजना घेऊन येतो, सोबत चालतं मॉडेल. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनो, तो प्रसंग तुमच्यासाठी आहे. मंत्रिमंडळातल्या काहींना हे ऐकूनच घ्यायचं नसतं. कधीच झालं नाही म्हणजे होणारच नाही, हे लॉजिक. (आपल्या प्रोजेक्ट प्रपोजलच्या दिवशी हेच लॉजिक कोणाकोणाला ऐकायला मिळालं, हात वर करा.) मायाला त्यातलं गणित कळत नाही. तो मॉडेलकडे लहान मुलासारखा बघतो, प्रश्न विचारतो आणि एवढंच म्हणतो की यांचं ऐकून तर घ्या.

दोष सांगायचा तर नावं. इतकी अवघड आणि इतकी एकसारखी, की मी जर्नलच्या मागच्या पानावर वंशवृक्ष काढला. लायब्ररीतल्या ताईंनी तो पाहून विचारलं, कुठल्या सब्जेक्टचा डायग्रॅम? शिवाय माया जरा जास्तच गुणी आहे. अठरा वर्षांचा मुलगा कधीतरी विनाकारण भडकेल की नाही? शंभर पानांनंतर मात्र हे खटकायचं थांबलं.

रूममेटला मी ही गोष्ट रोज रात्री थोडी थोडी सांगत होते, अर्थात मराठीत, सम्राटाच्या तोंडी 'आम्ही' घालून. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "आम्ही झोपतो आता. आपण लाइट बंद करावा."

पुस्तक माझ्याकडे आहे. हवं असेल त्यांनी मेसमध्ये भेटा. सीनियर असाल तरी 'तू'च म्हणेन, आधीच सांगून ठेवते.