ढोलापुढें चार पावलें

हें शीर्षक वाचून आमच्या कांहीं जुन्या स्नेह्यांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. ज्या गृहस्थानें पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें, ज्याच्या नुसत्या खांकरण्यानें वर्ग चिडीचूप होत असे, त्यानें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं भर मिरवणुकींत पाय उचलावे, हें विपरीत खरेंच. परंतु झालें तें लपविण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. आणि तें सांगितल्यानें एखाद्या घरांतील लाजाळू मुलाचें ओझें हलकें झालें, तर हीं दोन पानें कारणीं लागलीं असें आम्ही समजूं.

आमचा थोरला नातू पुण्यास संगणकाच्या एका कचेरींत नोकरीस आहे. गतवर्षीं गणपतीस तो घरीं आला, तो नेहमींसारखा बोलका नव्हता. एके रात्रीं आम्ही ओटीवर सुपारी कातरीत बसलों असतां त्यानें आपण होऊन विषय काढिला. कुणाच्या बढतीनिमित्त कचेरींतील मंडळी एका नाइटक्लबांत गेली होती. तेथें अंधार, रंगीबेरंगी दिवे आणि छातींत घुमेल एवढें संगीत. सगळे नाचावयास उतरले; हा मात्र लिंबाच्या सरबताचा पेला धरून तीन तास भिंतीला टेकून उभा राहिला. कोणी हात धरून ओढिलें तेव्हां त्यानें दोन पावलें टाकिलीं, आणि हात कोठें ठेवावे हेंच न कळल्यामुळें घामाघूम होऊन तो पुन्हां भिंतीशीं आला.

"आजोबा, सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटतं हो. पुढं मित्राचं लग्न आहे, तिथंही नाच ठेवलाय. मी जाणारच नाही म्हणतो."

जिवलग मित्राच्या लग्नास जाणार नाहीं, आणि तेंही पायांच्या भीतीनें! आम्ही उपदेशासाठीं तोंड उघडणार, तोंच आमच्या सौभाग्यवती माजघराच्या उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, "अहो, त्याला भिंतीला टेकवलं कुणी, ते आधी आठवा."

आम्हांस तें आठवलें. नातू तेव्हां सात वर्षांचा होता. आमच्या वाड्याजवळून मिरवणूक चालली होती आणि पोर ढोलाच्या नादांत रस्त्यावर उतरून हातपाय वाटेल तसे उडवीत होतें. शेजारीपाजारी हसले. आम्हीं त्याला दंडास धरून आंत आणिलें आणि चारचौघांदेखत विचारिलें, "नाच्या व्हायचंय का तुला?" त्या दिवसानंतर तो कधीं नाचला नाहीं. आम्ही ती गोष्ट विसरलों होतों. तो विसरला नव्हता. मुलांच्या अक्षरांचें वळण सुधारण्यांत ज्यानें आयुष्य घालविलें, त्या मास्तरानें एका वाक्यानें आपल्याच नातवाचे पाय बांधून ठेविले होते. सौभाग्यवती पुढें एवढेंच म्हणाल्या, "ज्यानं बांधले, त्यानंच सोडवावेत."

रात्रीं झोंप लागली नाहीं. सकाळीं संध्या आटोपून आम्हीं भरताचें नाट्यशास्त्र काढिलें. त्याच्या चौथ्या अध्यायांत तांडवाचें लक्षण आणि १०८ करणें सांगितलीं आहेत. तेथें ऋषि विचारतात कीं, अभिनयास अर्थ असतो. मग कसलाच अर्थ न सांगणारें नृत्त निर्माण तरी कशास केलें? मुनींचें उत्तर मार्मिक आहे. नृत्तास अर्थाची अपेक्षा नसते. तें शोभा उत्पन्न करितें, आणि सर्व लोकांस तें स्वभावतःच प्रिय असल्यामुळें विवाह, अपत्यजन्म अशा मंगल प्रसंगीं तें प्रशस्त मानिलें आहे. हा भाग आम्हीं अनेकदां वाचला होता; पण 'सर्व लोकांस' या शब्दांत आपणही येतों, हें कधीं ध्यानांत आलें नव्हतें.

तथापि शास्त्र वाचून पाय हालत नाहींत. कालिदासाच्या मालविकाग्निमित्रांत दोन नाट्याचार्यांचा कलह आहे. कोणाची कला स्वतःच्या ठायीं उत्तम असते, तर कोणाची ती दुसऱ्यास देण्यांत. हे दोन्ही गुण ज्याच्यापाशीं असतील तो श्रेष्ठ शिक्षक, असा विचार तेथें आला आहे. आमच्यापाशीं पहिला गुण मुळींच नव्हता. दुसऱ्यावर भिस्त ठेवून आम्हीं नातवास चौकांत बोलाविलें.

त्यानें आपल्या फोनवर क्लबांतील संगीत लाविलें. प्रथम तें आम्हांस केवळ गोंगाट वाटलें. मग मनगटावरील घड्याळ पाहून आम्ही ठोके मोजूं लागलों. मिनिटाला सुमारें सव्वाशें ठोके, एकसारखे, आणि सगळे चारचारांच्या गटांत बांधलेले! आम्ही चमकलों. ही तर आमच्या ओळखीची चाल होती. संस्कृताच्या तासांखेरीज कवायतीचा तासही आमच्याकडे असे, आणि पटांगणावर शिटी तोंडांत धरून आम्हीं शेंकडों मुलांकडून लेझीम करवून घेतली होती. "हुश्शार! आरंभ! एक, दोन, तीन, चार!" चार आवाज, आठ आवाज, पवित्रा, बैठक. लांकडी दांडा, लोखंडी सांखळी आणि तिच्या चकत्यांचा झणत्कार. जें आम्हीं जन्मभर 'व्यायाम' म्हणून शिकविलें, तें नृत्तच होतें. आम्हीं फक्त त्याचें नांव बदलून घेतलें होतें.

मग धडे सुरू झाले. पहिल्या दिवशीं नाचावयाचें नाहीं असें आम्हीं बजाविलें. नुसतें उभें राहून पहिल्या ठोक्याला शरीराचा भार उजव्या पायावर, दुसऱ्याला डाव्यावर. टांच किंचित् उचलावी, गुडघे सैल ठेवावे; कारण ताठ गुडघ्यांत ठोका शिरत नाहीं. दुसऱ्या दिवशीं हातांचा प्रश्न घेतला. रिकाम्या हाताला लाज फार वाटते, म्हणून त्याच्या हातीं लेझीम दिली. कोंपरें कमरेच्या उंचीवर आपोआप वांकलीं. तासाभरानें लेझीम काढून घेतली, तरी हात जागच्या जागीं राहिले. तिसऱ्या दिवशीं एक पाऊल बाजूस टाकून दुसरें त्यास मिळविणें, एवढेंच. एका गाण्यांत एकच हालचाल करावयाची आणि ती बदलावयाची नाहीं, हा नियम. सौभाग्यवती परातीवर ठेका धरून बसल्या होत्या. "मान खाली नको रे, पावलं कुठं पळून जात नाहीत," असें त्या मधून मधून बजावीत.

अनंत चतुर्दशीस आम्ही उभयतां आजोबा-नातू मिरवणूक पाहावयास निघालों. नाशकाची विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते. पुढें फाळके रस्ता, मेन रोड, महात्मा गांधी रस्ता, अशोकस्तंभ, रविवार कारंजा असा जुन्या गांवास वेढा घालीत ती होळकर पुलावरून गोदा ओलांडते व पंचवटींत उतरते. येथील ढोलाचा लौकिक मोठा. एका अंगास टिपरूं, दुसऱ्या अंगास हाताचा तळवा, आणि त्यावर ताशाची तडतड. हा वाद्यमेळ आपल्या गांवाच्या नांवासह थेट केरळांत पोंचला आहे. तिकडील उत्सवांतही 'नासिक ढोल' याच नांवानें तो वाजतो.

फाळके रस्त्यावर नातू गर्दीच्या कडेस घुटमळला. पुन्हां भिंत शोधूं लागला, हें आम्हीं ओळखिलें. तेव्हां त्या रस्त्याचें नांव ज्यांच्यावरून पडलें, त्यांची गोष्ट आम्हीं त्याला सांगितली. दादासाहेब फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' काढल्यावर त्यांनीं आपलें चित्रपटाचें बिऱ्हाड मुंबईहून नाशकास हलविलें आणि येथें 'मोहिनी भस्मासुर' हा मूकपट तयार केला. दुर्गाबाई कामत व त्यांची अल्पवयी कन्या कमलाबाई, म्हणजे पुढील काळच्या कमलाबाई गोखले, या मायलेकींनीं त्यांत कामें केलीं. स्त्रियांनीं पडद्यावर येणें हें तेव्हां केवढें धाडस! त्यांच्याकडे तर खरोखरच सगळें जग पाहत होतें.

"आणि भस्मासुर कशानं मेला?" आम्हीं विचारिलें.

"नाचताना स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला म्हणून."

"का ठेवला?"

तो थांबला आणि म्हणाला, "मोहिनीनं ठेवला म्हणून."

हेंच त्यास सांगावयाचें होतें. भस्मासुर नाचला म्हणून जळला नाहीं. दुसऱ्याच्या हातांकडे डोळे लावून नाचला म्हणून जळला. नवशिक्याचा घात पाय करीत नाहींत, डोळे करितात. तो इतरांच्या लकबी पाहतो, मग इतर आपल्याला पाहत असतील अशी कल्पना करितो, आणि या पाहण्यांत ठोका ऐकावयाचा राहून जातो.

रविवार कारंजावर, चांदीच्या गणपतीजवळ, एक पथक रंगांत आलें होतें. नातू कडेला उभा राहिला. प्रथम टांच उचलली. मग भार डावा-उजवा होऊं लागला. मग कोंपरें वांकलीं आणि पाऊल बाजूस पडलें. तेंच एक पाऊल, पुन्हां पुन्हां. थोड्या वेळानें पाहतों, तों तो कडेवरून आंत शिरलेला! आमचे डोळे भरून आले. इतक्यांत त्यानें वळून आमच्यापुढें हात केला.

काय सांगावें? ज्यानें तीन दिवस धडे दिले, त्याचे गुडघे त्या क्षणीं खांबासारखे ताठ झाले. साऱ्या नाशकाचे डोळे आपल्या पाठींत रुतले आहेत असें वाटलें. भिंतीला टेकलेल्या मुलाचें दुःख आम्हांस तेव्हां प्रथमच कळलें. नातू कानाशीं येऊन ओरडला, "एक, दोन, तीन, चार! मास्तर, गुडघे सैल!"

आम्हीं चार पावलें टाकिलीं. शेजारीं एक पोक्त गृहस्थ नाचत होते. ते एकदम म्हणाले, "गुरुजी!" आमचाच जुना विद्यार्थी. आतां हा हसणार, म्हणून आम्ही गोरेमोरे झालों. पण त्यानें थोडें सरकून आम्हांस जागा करून दिली आणि तो पुन्हां आपल्या नाचांत बुडाला. बाकी कोणीही आमच्याकडे पाहत नव्हतें. ज्याच्या त्याच्या कानांत ढोल होता. जन्मभर ज्या डोळ्यांस आम्ही भ्यालों, ते तेथें नव्हतेच.

युगुलनाच, क्लब, रात्रींचीं संगीतें हीं सारीं आमच्या वाचकांच्या घरांत मान्य व्हावीं, असा आमचा आग्रह नाहीं. मद्याची व अवेळीं घरीं येण्याची चिंता आम्हांसही आहे, आणि ती आम्हीं नातवास सांगितली आहे. पण चालीरीति बदलतात. १८१६ सालीं लंडनच्या दरबारीं वॉल्ट्झ नाचला गेला, तेव्हां तेथील टाइम्स पत्रानें त्यास अश्लील म्हणून झोडपिलें; पुढें तोच नाच घरंदाजपणाचें लक्षण ठरला. नाशकांतही गंगापूर धरणाकडील द्राक्षमळ्यांत सुलाफेस्ट हा संगीताचा मेळा २००८ सालीं सुरू झाला आणि दूरदूरचीं तरुण मुलें तेथें उघड्या आकाशाखालीं नाचून गेलीं. आपलीं मुलें अशा जागीं जाणार. तीं तेथें भिंतीशीं कुढत उभीं राहावीं कीं चौघांत मोकळीं असावीं, एवढाच प्रश्न आपल्या हातीं उरतो.

नातू मित्राच्या लग्नास गेला. पुढें एकदां मित्रांबरोबर त्याच क्लबांतही गेला. गर्दी होण्याआधींच पोंचलों, मोकळ्या जागेंत पाय स्थिर केले, दोन गाणीं नाचलों, दम लागल्यावर पाणी पिऊन पुन्हां उतरलों, असें त्यानें फोनवर कळविलें. नाच फारसा सुंदर झाला नसावा. पण तीन तासांत आपण भिंतीकडे एकदांही पाहिलें नाहीं, असें तो म्हणाला.

यंदा धाकट्या चिरंजीवांची चार वर्षांची कन्या ताशा ऐकून ओटीवरून खालीं उतरली आणि वाटेल तशी गिरक्या घेऊं लागली. कोणीसें हसूं लागलें. आम्हीं काठी भिंतीला टेकवून ठेविली आणि तिच्या शेजारीं जाऊन उभे राहिलों.